भातखाचरातील निळे-हिरवे शेवाळ व सूक्ष्म धातू

पावसाळ्यात आजरा तालुक्यातील भाताची खाचरे पाण्याने भरली म्हणजे पाण्यावर निळसर-हिरवा, बुळबुळीत थर दिसू लागतो. हा थर निरुपयोगी समजून काढून टाकू नये. भारतीय संशोधक पी. के. डे यांनी 1939 साली असे दाखवून दिले की, भाताच्या जमिनीत हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम मुख्यतः निळे-हिरवे शेवाळ करते. अनुकूल परिस्थितीत हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र यापासून मिळू शकते.

हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करणाऱ्या शेवाळातील विकरात लोह व मॉलिब्डेनम हे धातू असतात. मॉलिब्डेनम अत्यल्प लागते. परंतु ते न मिळाल्यास हे कार्य मंदावते. कोबाल्टही शेवाळास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. तांबे मात्र किंचित अधिक झाले तरी विषारी ठरते. म्हणून शेवाळ वाढविलेल्या खाचरात मोरचूद टाकू नये.

आजऱ्याच्या पश्चिम भागातील जांभ्या जमिनी अतिवृष्टीमुळे आम्ल झालेल्या आहेत. अशा जमिनीत लोह विपुल असते. पण त्याच लोहाच्या संयुगांना मॉलिब्डेनम चिकटून राहते व शेवाळास मिळत नाही. माती परीक्षणानुसार चुना दिल्यास आम्लता घटून ते मोकळे होते. आम्लता कमी होणे शेवाळाच्या वाढीसही पोषक असते.

शेवाळाचे विरजण घरी तयार करता येते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व नऊ इंच खोल पत्र्याच्या ट्रेमध्ये 8 ते 10 किलो माती, 200 ग्रॅम सुपर फॉस्फेट व 2 ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट मिसळून पाणी भरावे व वर मूळ विरजण शिंपडावे. जाड थर आल्यावर पाणी आटू द्यावे व पापुद्रे गोळा करावेत. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी 10 किलो विरजण उभ्या पाण्यात फेकावे व खाचर कोरडे पडू देऊ नये.

सोडियम मॉलिब्डेट मोजूनच वापरावे. चाऱ्यात मॉलिब्डेनम वाढल्यास जनावरांच्या शरीरात तांब्याची उणीव निर्माण होते. तसेच नत्रखत भरपूर दिल्यास शेवाळ हवेतील नत्र घेणे थांबविते, हेही ध्यानात ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका खाचरात विरजण वापरून व शेजारचे खाचर तसेच ठेवून, दोहोंतील फरक शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा.