गडावरचे तीन दिवस

"वैनी, औंदा दसऱ्याला हात लावायला येता का? माझा उजवा खांदा वरच उचलंना," असा माहूरहून वन्संचा फोन आला. मी 'हो' म्हटले खरे. पण मनात आले, आपण बी. ए. झालेल्या, शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या. आपण रस्त्यावर बसून विडे कुटायचे?

माहूरची रेणुका म्हणजे साडेतीन पीठांपैकी एक पीठ. तिला तांबुलाचा नैवेद्य. विड्याची पाने, सुपारी, कात, चुना, बडीशेप, वेलची असे सारे एकत्र कुटून त्याचा लगदा करतात. देवीला दाखवून उरलेला प्रसाद घरी नेतात. वन्संचे पायऱ्यांजवळ तांबुलाचे छोटेसे दुकान आहे. २०२४ साली दसरा शनिवारी आला, म्हणजे शुक्रवार ते रविवार नुसती झुंबड. "या तीन दिवसांवर माझा दिवाळीचा किराणा अन् धाकटीची फी," वन्सं म्हणाल्या.

नांदेडला एस. टी. बदलून मी गुरुवारी रात्री पोहोचले. पहाटे तीनला उठून पाने धुवायची, देठ खुडायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे. सहाच्या आत दुकान मांडायचे. मग दिवसभर कुटणे. दुपारपर्यंत माझ्या तळव्याला फोड आला आणि बोटे काताने लाल झाली. मोबाइलवरून पैसे देणारे पुष्कळ. पण मध्येच नेटवर्क जाई आणि सुट्ट्यांसाठी माझी धावपळ होई. घरी चार पाहुणे जास्त आले की कुरकुरणारी मी!

दसऱ्याच्या दिवशी ऐन गर्दीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई समोर उभी राहिली. मी पदर पुढे ओढला, तरी तिने ओळखलेच. "अगं बाई, मॅडम, तुम्ही इथं?"

"सहज बसलेय," मी पुटपुटले.

शेजारी वन्सं डाव्या हाताने कुटत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला. त्या काहीच बोलल्या नाहीत.

रात्री नाणी मोजताना मात्र हळूच म्हणाल्या, "वैनी, मी काही सहज बसत नाही हो. याच खलबत्त्यावर माझी थोरली नर्स झाली."

मला त्या रात्री झोप लागली नाही. जिच्या कष्टाचे मी घरी कौतुक करते, तिच्याच शेजारी बसायची मला लाज वाटली होती!

रविवारी पदर खोचून मी स्वतःच गिऱ्हाइकांना हाका मारल्या. संध्याकाळी फीचे पैसे वेगळे बांधून वन्संनी डब्यात ठेवले, तेव्हा त्यांच्याइतकाच मलाही आनंद झाला.

शाळा उघडल्यावर ती आई फाटकापाशी भेटली. तिने विचारण्याआधीच मी सांगितले, "ते माझ्या नणंदेचं दुकान. तीन दिवस मी तिथं काम केलं." तिने हसून माझा हात हातात घेतला. काताचा रंग अजून गेला नव्हता.

मैत्रिणींनो, देवदर्शनाला जाल तेव्हा दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा आणि विडा कुटणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती काही तिथे सहज बसलेली नसते.