मृत्यू घडलेले घर घ्यावे काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळी मनुष्य स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या देखरेखीने घर बांधीत असे. आता शहरांतील मध्यम स्थितीच्या माणसांस दुसऱ्याने बांधलेले, आणि पुष्कळदा दुसऱ्याने वापरलेले, घर विकत घ्यावे लागते. वापरलेल्या घरास पूर्वेतिहास असावयाचाच. तेथे कोणाचे बारसे झालेले असते, कोणाचे लग्न ठरलेले असते, आणि कोणी शेवटचा श्वासही सोडलेला असतो. पहिल्या दोन गोष्टी विकणारा कौतुकाने सांगतो. तिसरी शेजाऱ्याच्या तोंडून, दबल्या आवाजात कळते. ती कळली की ठरत आलेला सौदा मोडतो. असा सौदा मोडण्यात शहाणपण किती आणि भ्रम किती, याचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल असे समजा की, पुण्याच्या एखाद्या पेठेतील किराणा मालाच्या व्यापाऱ्याने दुकानास जवळ म्हणून एक सदनिका पसंत केली. भाव ८० लक्ष रुपये ठरला. विसार देण्याचा दिवसही नेमला गेला. इतक्यात कोणी कानाशी लागून सांगितले की, घरमालकिणीचे यजमान गेल्या वर्षी याच घरात, मधल्या खोलीत वारले. व्यापाऱ्याच्या मातोश्री म्हणाल्या, "त्या वास्तूत पाऊल नको." सौदा फिसकटला. महिन्याभराने दलाल दुसरे गिऱ्हाईक घेऊन त्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाई, आता या घराला पंचावन्नाच्या वर कोणी हात लावणार नाही." बाईंस मुलीच्या शिक्षणाची फी भरावयाची होती, त्यांनी सही केली. या सर्व व्यवहारात भुताने एक कवडीही घेतली नाही. विधवेच्या पदरचे २५ लक्ष रुपये जे गेले, ते जिवंत माणसांच्या खिशात गेले. अशुभ वास्तू म्हणून जी काही चीज आहे, तिचा अर्थव्यवहार हा असा असतो.

या प्रसंगी धर्माचा आधार पुढे करण्यात येतो, म्हणून प्रथम तोच पाहू. दहा दिवस सुतक पाळावे, तेराव्या दिवशी निधनशांत करून आप्तेष्टांस गोडाचे जेवण घालावे आणि घरचे व्यवहार पूर्ववत सुरू करावे, अशी आमच्याकडील पुष्कळ घराण्यांची चाल आहे. पंचकात मृत्यू आला तर आणखी मृत्यू ओढवतात असे जे मानतात, त्यांनीही त्यावर शांती सांगून ठेवली आहे. म्हणजे ज्या धर्माचे नाव घेऊन वास्तू वाईट ठरविली जाते, त्याच धर्माच्या रूढीने तिला तेराव्या दिवशी मोकळी केली आहे! जो विटाळ तेराव्या दिवशी फिटला, तो तेरा वर्षांनी गिऱ्हाइकास कसा बाधतो, हे आम्हांस कोणी समजावून देईल तर बरे होईल.

बौद्ध वाङ्मयातील किसा गोतमीची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. मृत बालकास कडेवर घेऊन औषध मागत आलेल्या त्या मातेस बुद्धाने, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणावयास सांगितले. मोहरी घरोघर होती. तसे घर मात्र मिळाले नाही. आमचे गिऱ्हाईक आज तीच मोहरी धुंडीत आहे. शंभर वर्षे नांदत्या वाड्यात मृत्यू घडला नसेल, हे कसे संभवते? आणि जुने घर नको म्हणून पेठेतील नव्या इमारतीत जावे, तर ती तरी बहुधा एखादा जुना वाडा पाडूनच उभी राहिलेली असते.

घराचे भय सर्व काळी निराधारच होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. पुढे ती साथ पुण्यास पोहोचली. १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या अमलात घरांची झडती, सामानाची जाळपोळ आणि भिंतींस चुना फासणे हे प्रकार किती दंडेलीने झाले, ते इतिहासात नमूद आहे. लोक घरेदारे सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहिले. एक मनुष्य दगावला त्या घरात दुसराही दगावे, हा त्या वेळचा अनुभव खरा होता. पण त्याचे कारण वास्तूत नव्हते. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये दाखविले, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. साथ ओसरल्यावर तेच लोक त्याच वाड्यांत परतले, आणि तेथेच त्यांच्या मुलाबाळांच्या मुंजी व लग्ने झाली. तेव्हा मृत्यूच्या घराचा विटाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो हे म्हणणे आमच्याच आजोबा-पणजोबांनी आचरणाने खोडून काढले आहे.

या इतिहासापासून घ्यावयाचा धडा एवढाच की, घर घेणाऱ्याने "येथे कोणी मेले काय?" हा प्रश्न सोडून "येथे मनुष्य कशाने मेला?" हा प्रश्न विचारावा. वृद्धापकाळाने वा हृदयविकाराने मेला असेल, तर घराचा त्याच्याशी संबंध नाही. क्षयाने मेला असेल, तर घर उघडून आत ऊन व वारा खेळू द्यावा, स्वच्छता करून रंग द्यावा. रोगाचा प्रसार रोग्याच्या खोकल्यातून हवेमार्फत होतो, रिकाम्या घरात तो दबा धरून बसत नाही. परंतु न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे कोणी गुदमरून मेला असेल, तर मात्र सावध व्हावे. बंद न्हाणीघरात तो जळू लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि मनुष्य काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. विजेचा धक्का बसून मृत्यू आला असेल तर अर्थिंग तपासावे. सज्जावरून मूल पडले असेल तर कठड्याची उंची मोजावी. जिन्यावरून म्हातारे माणूस पडले असेल तर तेथील उजेड आणि पायऱ्या पाहाव्या. येथे घरात खरोखरच दोष आहे. पण त्याचा उपाय मांत्रिकाकडे नसून गवंडी, सुतार आणि तारतंत्री यांच्याकडे आहे. शांती करून गीझर तसाच ठेवणाऱ्या गृहस्थाच्या घरी दुसरा मृत्यू झाला, तर लोक वास्तूस दोष देतील, आणि तिसऱ्याची वाट मोकळी होईल.

मृत्यूमुळे घरास जो दुसरा खरा दोष लागू शकतो, तो कागदपत्रांतील होय. आणि भुतास भिणारी माणसे नेमकी त्याविषयी निर्धास्त असतात. हिंदू मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई या सर्वांस वाटा पोहोचतो. सासरी गेलेली मुलगी आणि गावी राहणारी वृद्ध आई यांच्या सह्या खरेदीखतावर नसतात, आणि मग दहा वर्षांनी कोर्टाची नोटीस येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी ज्याचे नामनिर्देशन आहे तो तेवढ्यावरून मालक होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मृत्यू खुनाचा असेल तर अधिकच जपावे. कारण त्याच कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे खून करणाऱ्यास मृताची मालमत्ता वारशाने मिळत नाही. विकणारा स्वतःच आरोपी असेल, तर त्याच्याकडून घेतलेली मालकी वाळूवर उभी आहे. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्यावा आणि वारसांची यादी पडताळून पाहावी. जे पैसे शांतीस लागतात, ते येथे खर्चिले तर सार्थकी लागतील.

आता विकणाऱ्याच्या कर्तव्याविषयी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५५ व्या कलमाने, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि गिऱ्हाइकास साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे त्यास भाग आहे. त्या कलमात मृत्यूचा नामनिर्देश नाही. इतर देशांनी या बाबतीत रेषा आखल्या आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांहून जुना मृत्यू आपण होऊन सांगावा लागत नाही. मात्र कोणी सरळ विचारले असता खोटे बोलण्याची मुभा नाही. जपानच्या सरकारने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून, घरात आलेला नैसर्गिक मृत्यू सामान्यतः कळविण्याची गरज नाही असे ठरविले. आमच्या मते विकणाऱ्याने विचारल्यास खरे सांगावे, आणि गीझरासारखा जिवास अपाय करणारा दोष असेल तर न विचारताही सांगावा. दडवादडवीने अफवा वाढते. सरळ सांगितलेली गोष्ट चार दिवसांत जुनी होते.

सर्वांत कठीण प्रश्न गिऱ्हाइकाच्या सचोटीचा आहे. "मी भूतबीत मानीत नाही," असे म्हणणारा सुशिक्षित मनुष्यच पुष्कळदा अशा घराचा भाव पाडून मागतो. कोणी म्हणेल की, उद्या मला विकावयाचे झाल्यास लोक मलाही कमीच देतील, त्याची तजवीज नको काय? हा आक्षेप व्यापारी दृष्टीने अगदीच टाकाऊ नाही. दोन वर्षांत विकण्याच्या इराद्याने घेणाऱ्याने थोडी सूट उघडपणे मागितली तर आम्ही त्यास दोष देणार नाही. पण ज्यास तेथे २० वर्षे संसार करावयाचा आहे, त्याने ज्या भयावर आपला विश्वास नाही त्याच भयाचा फायदा घेऊन शोकाकुल कुटुंबास नाडणे, यास सुधारणा म्हणता येत नाही. अंधश्रद्धा बाळगणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर नफा काढणारा अधिक दोषी होय.

घरातील माणसांच्या भावनेस मात्र मान द्यावा. पत्नीस किंवा मातोश्रींस त्या खोलीत रात्री एकटे बसवत नसेल, तर त्यांची टर उडवू नये, आणि गोष्ट त्यांच्यापासून लपवूनही ठेवू नये. त्यांस बरोबर नेऊन घर दिवसा व रात्री दाखवावे, शेजाऱ्यांशी बोलू द्यावे. एवढे करूनही मन घेत नसेल तर दुसरे घर पाहावे. त्यात लाज नाही. पण बाहेर पडताना "ती वास्तू वाईट आहे" असे गावभर सांगत सुटू नये. घर झपाटल्याचे सांगून पैसे उकळणारे कोणी भेटलेच, तर त्यांस दाराबाहेर काढावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर महाराष्ट्रात अमलात आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली केलेली मारहाण, चमत्कार दाखवून केलेली लुबाडणूक, अशा कृत्यांस त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

शेवटी एक गोष्ट घरमालकांस सांगावीशी वाटते. घरात मृत्यू झाला की भाव पडतो, ही समजूत दृढ होत गेली तर वृद्ध भाडेकरूस कोणी जागा देणार नाही, आणि आजारी बापास अखेरच्या क्षणी आपल्या अंथरुणावरून उचलून परक्या खाटेवर नेण्याचा मोह मुलांस होईल. आपल्या माणसांत, आपल्या खोलीत, खिडकीतून नेहमीचे झाड दिसत असता प्राण जावा, ही इच्छा बहुतेकांच्या मनात असते. जे घर एखाद्यास असे मरण देऊ शकले, ते वाईट घर कसे? भिंतीची ओल पाहावी, वारसांच्या सह्या पाहाव्या, गीझर पाहावा; आणि सर्व ठीक असेल तर योग्य मोल मोजून निःशंकपणे त्या घरात दिवा लावावा.