पहिल्या वर्षाचा पगार कसा वाचावा

जव्हार संस्थानाचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. आज या भागातला कुणी हवाई दलातून विमान कंपनीत गेला, तर लोक आधी पगार विचारतात. पण पहिल्या वर्षाचा आकडा हमखास दिशाभूल करतो. लढाऊ विमान उडवलेल्यालाही नागरी परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) अटी पूर्ण करूनच मिळतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १५०० तासांचं उड्डाण हवं. आणि एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ उडवायला त्या विमानाचं टाइप रेटिंग को-पायलटलाही लागतं. ते मिळेपर्यंत उड्डाणभत्ता जवळपास नसतोच, आणि पगारात मोठा वाटा त्याचाच असतो. शिवाय ज्येष्ठता बहुधा रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून निवृत्त विंग कमांडरही सहसा को-पायलटच्या खुर्चीतूनच सुरुवात करतो.

मग पहिलं वर्ष निभावतं कसं, असं कुणी विचारेल. वीस वर्षं सेवा झालेल्या अधिकाऱ्याला शेवटच्या वेतनाच्या निम्मं पेन्शन मिळतं. त्याच्यासाठी ते वर्ष सुसह्य असतं. चौदा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पगाराची चिठ्ठी सारखीच, पण घरची स्थिती अगदी वेगळी. शिवाय १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजची विमानं थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले. म्हणून राजीनाम्याआधी प्रशिक्षणाचा खर्च, बाँडची रक्कम आणि हमीचे उड्डाणतास कंपनीकडून लेखी घ्या.