सुपरमॅनच्या आईबापांनी काय सांगितलं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब बाजूला राहिला आणि भलताच विषय निघाला. आमच्या एका सभासद ताईंची नववीतली मुलगी शेततळ्यात पडलेल्या शेजारच्या पोराला काढायला आत उतरली होती. तळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय कसा सरकतो, ते तुम्हाला माहीतच आहे. बायकांनी लुगडी बांधून खाली सोडली म्हणून दोघं वर आली. ताईंनी लेकीला आधी दोन चापट्या मारल्या, मग पोटाशी धरून रडल्या.

बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, मारलं ते बरोबर केलं. कुणी म्हणालं, शाबासकी द्यायची सोडून मारता काय? मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "सुपरमॅनच्या आईनं त्याला मारलं नसतं."

सगळ्या हसल्या. मला ते डोक्यातून जाईना, कारण माझ्या पोराबरोबर मी हे सिनेमे पाहते. आणि खरं सांगू? सुपरमॅनच्या आईबापांनी काय केलं असतं, ते सिनेमा कुणी काढलाय त्यावर ठरतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. क्रिप्टॉन नावाचा ग्रह नष्ट होणार असतो. तिथले आईबाप आपलं बाळ यानात घालून पृथ्वीवर पाठवतात. ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका शेतात येऊन पडतं. जोनाथन आणि मार्था केंट हे शेतकरी जोडपं त्याला वाढवतं, क्लार्क असं नाव ठेवतं. आपल्याला यशोदा आठवावी अशीच गोष्ट. पोराच्या अंगात अचाट बळ असतं, त्याला उडता येतं. मोठा झाल्यावर चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करतो आणि कुणावर संकट आलं की निळा पोशाख घालून धावतो. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी हा सुपरमॅन रचला. १९३८ साली तो चित्रकथेत पहिल्यांदा छापून आला.

आता दिग्दर्शक काय करतो? रामकथा एकच असते. पण एखादे बुवा शबरीच्या बोरांपाशी तासभर थांबतात आणि लंकेचं युद्ध दोन वाक्यांत उरकतात. दुसरे बुवा युद्धातच रंगतात. दिग्दर्शकाचं तसंच. कॅमेरा कुठं ठेवायचा, नटानं कसं बोलायचं, कुठं थांबायचं आणि कुठून पुढं पळायचं, हे तो ठरवतो.

१९७८ साली रिचर्ड डोनर यांनी सुपरमॅनचा मोठा सिनेमा केला. बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तेव्हा आजच्यासारखी संगणकावरची कामं नव्हती. ख्रिस्तोफर रीव्ह या नटाला तारांना टांगलं, मागे आकाशाची चित्रं पाडली आणि उडवला. त्या करामतीला ऑस्करचा खास पुरस्कार मिळाला. पण मला त्यातलं उडणं नाही, शेतातला भाग आवडतो. तरणा क्लार्क चिडलेला असतो, कारण अंगात एवढं असून चारचौघांत दाखवायचं नाही. बाप त्याला समजावतो, की तू इथं आलास त्याला काहीतरी कारण असणार. आणि घराकडे चालता चालता बाप हात धरतो आणि कोसळतो. हृदयविकाराचा झटका. मातीच्या वेळी पोरगा आईला म्हणतो, एवढं बळ असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. पुढं एका सकाळी तो घर सोडून निघतो तेव्हा आई गव्हाच्या शेतात त्याला जवळ घेते. असा दिवस येणार, हे तिला आधीपासून माहीत असतं.

हे दुःख डोनर शेवटपर्यंत विसरत नाहीत. शेवटी त्याची आवडती बाई, लोइस, भूकंपात दगावते, तेव्हा तो पृथ्वीभोवती उलटा फिरून काळच मागं नेतो. शास्त्राला धरून नाही ते. पण बापाच्या वेळी हात रिकामे राहिलेला पोरगा आणखी काय करेल?

२०१३ साली झॅक स्नायडर यांनी 'मॅन ऑफ स्टील' केला. तेच शेत, तोच बाप, पण रंग फिकट, कॅमेरा हातात धरल्यासारखा हलता. यात शाळेची बस नदीत पडते आणि लहानगा क्लार्क ती ढकलून बाहेर काढतो. बाप त्याला शाबासकी देत नाही. मग काय, मी त्यांना मरू द्यायचं होतं का, असं पोरगा विचारतो. आणि बाप म्हणतो, कदाचित.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रिमोट खाली ठेवला. कसला हा बाप! मग वादळ येतं. कुत्र्याला गाडीतून सोडवायला गेलेला बाप वावटळीत अडकतो. क्लार्क त्याला सहज उचलून आणू शकतो, पण सगळ्यांदेखत. बाप हात वर करून नुसती मान हलवतो. नको. पोरगा थांबतो आणि बाप जातो. एका दिग्दर्शकाच्या सिनेमात बळ असून उपयोग नाही, दुसऱ्याच्या सिनेमात उपयोग होता पण वापरू दिलं नाही. मरण एकच, अर्थ उलटा. शेवटच्या मारामारीत शहराच्या इमारती कोसळतात आणि सुपरमॅन शत्रूची मान मोडतो. त्यावर लोकांनी फार वाद घातला. मलाही ती पाडापाडी लांबलेली वाटते. बापाचा तो हात मात्र आजही डोळ्यांपुढं येतो.

२०२५ च्या जेम्स गन यांच्या सिनेमात आईबाप दोघं जिवंत आहेत, फोनवर ओरडून बोलतात, अगदी आपल्याकडल्यासारखे. सुपरमॅन सुरुवातीलाच हरून बर्फात पडलेला दिसतो. आणि मोठ्या राक्षसाशी लढताना मध्येच एक खार वाचवतो! माझा पोरगा त्या खारीवर किती खूश झाला म्हणून सांगू.

मुलींची गोष्ट हवी असेल तर पॅटी जेन्किन्स यांचा २०१७ चा 'वंडर वुमन' बघा. त्यात राणी असलेली आई लेकीला लढाई शिकू द्यायला तयार नसते, पण शेवटी किनाऱ्यावर निरोप देते. पुढं महायुद्धाच्या खंदकात सोबतचा माणूस सांगतो की सगळ्यांना वाचवता येत नाही. ती तरी शिडी चढून वर जाते. समोर शत्रूच दिसत नाही तर ही लढणार कुणाशी, अशी शंका तेव्हा अनेकांनी काढली होती. बाईंनी तो प्रसंग सोडला नाही.

आणि याला कोट्यवधी रुपयेच लागतात असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन कोण, तर शफीक नावाचा किडकिडीत यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडापुढं त्याला उभा केला आणि संगणकावर मागे आकाश लावलं. लोकांना हसवायचं, हे नासिर यांनी ठरवलेलं होतं. त्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला. पुढं शफीक कर्करोगानं गेला, त्यामुळे तो बघताना हसता हसता घसा दाटतो.

मी हे सगळं बैठकीत सांगितलं आणि मोबाइलवर वादळाचा तो प्रसंग दाखवला. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा बाप वाईट नाही गं. भ्यालाय." लेक म्हणाली, "मग तू पण भ्यालीस असं सांगायचं ना, मारलंस कशाला?"

ताई काही बोलल्या नाहीत. या महिन्यात गटानं शेततळ्याच्या कुंपणाला दोर आणि हवेची ट्यूब बांधून ठेवली. ट्यूब ताईंनीच आणली, ट्रॅक्टरची जुनी. पंक्चर काढून आणलीय की नाही, ते लेकीनं पाण्यात बुडवून तपासलं.