स्टील गिटारचा टोन : ऐकीव निकाल आणि वस्तुस्थिती

वादकाच्या तयारीविषयी किंवा तालाविषयी मत देताना जो श्रोता दहादा विचार करतो, तोच त्याच्या नादाविषयी मात्र साक्षीपुरावा न तपासता फैसला देऊन मोकळा होतो. आणि असे परस्पर फैसले ज्यांच्या वाट्यास सर्वांत अधिक येतात त्या वादकांत स्टील गिटार वाजवणाऱ्यांचा क्रम बराच वरचा लागेल. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवण्याची रीत रूढ केली. ती पुढे अमेरिकेत गेली, तेथे वाद्यास वीज जोडली गेली, नंतर पायाखाली पेडले आली. आपल्याकडे हे वाद्य ‘हवाईयन गिटार’ या नावाने चित्रपटगीतांच्या तबकड्यांत आणि ब्रिजभूषण काब्रांच्या रागदारीत स्थिरावले, म्हणून त्याच्या नादाची ओळख मराठी कानास नवी नाही. परंतु ज्या वादाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याचे माहेर मुख्यतः अमेरिकेतील नॅशव्हिल हे नगर होय.

आपल्या संगीताच्या क्रमिक पुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. वादक ज्याला ‘टोन’ म्हणतात ती ही जाती. गंमत अशी की, टोनविषयीच्या बहुतेक फिर्यादी नीट उलगडून पाहिल्या तर त्या जातीविषयी नसतातच. पहिल्या दोन धर्मांपैकी एखाद्याचा गुन्हा तिच्या नावावर मांडलेला असतो.

पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज हा की, नभोवाणीवरून जे ऐकू आले तोच वादकाचा टोन. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून १९२५ साली सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात रायमन सभागृहातून होत असे. ६५० किलोहर्ट्झच्या मध्यमलहरीवर ५० हजार वॅटच्या बळाने तो रात्री दूरदूरच्या प्रांतांत पोचे. रायमनच्या लाकडी बाकांवर बसलेला मनुष्य आणि शेकडो मैलांवर स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओपाशी बसलेला मनुष्य एकाच क्षणी एकच वादन ऐकत असले, तरी त्यांच्या कानी पडणारा नाद एक नव्हता. मध्यमलहरीच्या सामान्य संचावर पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उरत नाही, हे खरे. पण स्टील गिटारचा स्पीकर मुळात त्याच्या फार वर बोलतच नाही, त्यामुळे ‘रेडिओने टोन खाल्ला’ ही वादकाच्या पाठीराख्यांची कैफियतही अर्धवटच मानावी लागते. खरी तफावत अन्यत्र पडते. तार छेडल्यावर तिचा आवाज क्षीण होऊ लागतो तसतसे वादक पायाखालचे व्हॉल्यूम पेडल हळूहळू दाबत जातो आणि स्वराची आस लांबवतो. छेडताना पेडल पूर्ण न दाबता पुढच्यासाठी शिल्लक ठेवणे ही त्याच्या कलेतील मोठी काटकसर आहे. इकडे प्रक्षेपण केंद्रातही एक यंत्र बसलेले असते, जे मोठा आवाज दाबते व लहान आवाज वर उचलते, आणि ते यंत्र वादकाच्या पायाशी सल्लामसलत करीत नाही. पायाने घडवलेली चढण यंत्राने सपाट केली की घरचा श्रोता म्हणतो, ‘टोन निर्जीव आहे.’ वस्तुतः येथे तक्रार लहानमोठेपणाविषयी असते. जाती बिचारी निरपराध असते.

याउलट, प्रक्षेपणाच्या मर्यादेतच ज्याचा नाद शोभून दिसे असाही वादक होऊन गेला. गायक हँक विल्यम्सच्या साथीचा डॉन हेल्म्स गिब्सनच्या ‘कन्सोल ग्रँड’ या वाद्यावर वरच्या सप्तकातून, काहीशा टोकदार आवाजात वाजवी. तो नाद एकटाच ऐकला तर कुणास बोचरा वाटेल. परंतु विल्यम्सच्या गळ्याच्या वर स्वतंत्र जागा धरून तो लहानशा रेडिओतूनही स्पष्ट वेगळा निघे. टोन चांगला की वाईट या प्रश्नास ‘कशासाठी आणि कुणाच्या शेजारी’ हे दोन पोटप्रश्न जोडल्यावाचून उत्तर नाही, असे मला वाटते.

मग प्रत्यक्ष सभागृहात जाऊन ऐकावे म्हणजे निर्विवाद सत्य हाती येईल, असा दुसरा समज. आणि जाणकारांतही तो आढळतो. पेडल स्टीलच्या अँप्लिफायरमध्ये बहुधा १५ इंची स्पीकर असतो. एवढ्या व्यासाचा स्पीकर सुमारे ९०० हर्ट्झच्या वरचा नाद चहूकडे न पसरवता पुढच्या दिशेने झोताप्रमाणे फेकू लागतो. ज्या श्रोत्याची खुर्ची त्या झोतात आली त्यास टोन कर्कश वाटतो, दहा हात बाजूस बसलेल्यास तोच टोन गुळमुळीत. आणि खुद्द वादकाची अवस्था तर सर्वांत चमत्कारिक, कारण यंत्र त्याच्या पाठीमागे जमिनीवर असते, झोत त्याच्या कानाच्या खालून निघून जातो, आणि आपला आवाज मंद आहे अशा समजुतीने तो तीव्रतेची कळ आणखी फिरवतो. तिसऱ्या रांगेतील गृहस्थ कपाळास आठ्या घालतो तो वादकाच्या हातामुळे नव्हे, तर त्याच्या आसनामुळे! अँप्लिफायर किंचित मागे कलता ठेवणे किंवा उंचीवर मांडणे, एवढ्या साध्या उपायाने मिटणारे खटले पुष्कळ आहेत.

तिसरा वाद साधनांचा. एक पक्ष म्हणतो की टोन विकत मिळतो : अमुक घराण्याचे वाद्य, तमुक चुंबक, जुना अँप्लिफायर. दुसरा पक्ष तितक्याच आग्रहाने म्हणतो की टोन सर्वस्वी हातात असतो. दोन्ही पक्षांचे वकील आपापल्या सोयीचा दाखला तेवढा पुढे करतात. १९३० च्या दशकात रिकनबॅकरने तारांवरून नालाकृती चुंबक बसवलेली वाद्ये केली, त्यांचा भरदार नाद अन्य कोणत्या साधनाने हुबेहूब निघत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पेडलांचे युग आल्यावरही पेडलांच्या वाटेस न गेलेला आणि १९७२ साली नॅशव्हिल सोडून हवाईत जाऊन राहिलेला जेरी बर्ड टोनसाठीच वाखाणला गेला, आणि त्याच्या हाती रिकनबॅकर होते. पण तेच वाद्य दुसऱ्याच्या हाती दिले म्हणजे बर्ड निघत नाही, याचे कारण गूढ नसून मोजपट्टीने मोजता येण्याजोगे आहे. तारेची लांबी २४ इंच धरा. उजवा हात घोडीपासून ४ इंचांवर छेडतो आहे, तर मोकळ्या तारेचा तो सहावा हिस्सा. डाव्या हातातील पोलादाची कांडी बाराव्या पडद्याच्या खुणेवर गेली की बोलणारी तार १२ इंचांची राहते आणि तोच हात आता तिच्या एक तृतीयांशावर पडतो. चोविसाव्या खुणेपाशी ती अवघी ६ इंच उरते, व हात मध्यबिंदू ओलांडून कांडीच्या बाजूस गेलेला असतो. तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वयंभू स्वरांचा स्थिरबिंदू असेल ते स्वयंभू मुके होतात; एक तृतीयांशावर छेडले तर तिसरा आणि त्याच्या पटीतले, बरोबर मध्यावर छेडले तर सम क्रमांकाचे सारे, आणि नाद पोकळ होतो. म्हणून डावा हात वर चढेल तसा उजवा हात नकळत घोडीकडे सरकवणारा वादक आपल्या नादाची जाती सांभाळतो; न सरकवणारा प्रत्येक खुणेस निराळ्याच वाद्यावर वाजवल्यासारखा ऐकू येतो, मग त्याने वाद्यासाठी केवढीही रक्कम मोजलेली असो.

‘स्टीलवाला बेसूर होता’ या शेऱ्याविषयी आपल्या वाचकास समजावणे सोपे आहे, कारण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार त्याने ऐकलेला असतो. तो गांधार ३८६ सेंटचा. पियानोचा गांधार ४०० सेंटचा. स्वरसंवाद कानास गोड लागावा म्हणून अनेक पेडल स्टीलवादक आपले गांधार पियानोहून उतरते लावतात, आणि प्रक्षेपणाच्या मिश्रणात कुणी पियानो पुढे घेतला की १४ सेंटांची ती फट उघडी पडते. सभागृहात स्टीलच्या जवळ बसलेल्यास जे मधुर वाटले ते घरी उतरलेले वाटते. हा उच्चनीचतेचा दावा. तोही टोनच्या नावावर लावला जातो.

हल्ली भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहून निकाल देण्याची प्रथा पडली आहे. तिच्याविषयी थोडकेच सांगणे पुरे. पेडल स्टीलच्या तारा ई-नाईन मेळात लावल्या तर सर्वांत खालची तार सुमारे १२३ हर्ट्झची, सी-सिक्स मेळात लावल्या तर ६५ हर्ट्झची. त्या चिमुकल्या स्पीकरमधून हे मूळ नाद बाहेरच पडत नाहीत. वरच्या स्वयंभूंवरून कान त्यांची उणीव अंदाजाने भरून काढतो. स्वर कळतो, अंग कळत नाही. शिवाय दोन फितींची तुलना करताना जी किंचित मोठ्याने वाजते ती चांगली वाटावी, हा मनुष्याच्या कानाचा स्वभाव आहे. दोन्हींचा आवाज आधी समान करून घेण्याची तसदी शंभरात एखादाच घेत असेल.

तरीसुद्धा दुरून आलेल्या नादावरून काहीच ठरवता येत नाही असे नव्हे. स्टील गिटारवादक सोल होओपीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस नॅशनलच्या धातूच्या गिटारवर वाजवलेल्या तबकड्या आज ऐकल्या, तर खरखरीखाली वरचे स्वयंभू बहुतांशी गडप झालेले आढळतात आणि त्या वाद्याचा अंगचा नाद कसा होता याची नुसती अटकळ बांधावी लागते. पण कांडी स्वरावर कशी येऊन ठेपते, खालून अलगद चढते की थेट उतरते, तिचा कंप किती रुंद व किती सावकाश, आणि नवी तार बोलण्यापूर्वी जुनी कोणत्या क्षणी मुकी केली जाते, हे सारे त्या खरखरीतूनही जसेच्या तसे ऐकू येते.