शीर शिवणारा कारेल

फ्रान्समधल्या ल्योन शहरात रू द ला रेपुब्लिक नावाचा हमरस्ता आहे. तिथे पॅले द ला बूर्सच्या इमारतीसमोर फरसबंदीत एक लाल दगड बसवलाय. ल्योनला जाऊन तो पाहायचाच, हे मी कित्येक वर्षं मनाशी धरून होतो. २४ जून १८९४ च्या रात्री इथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना काझेरिओ या इटालियन अराज्यवाद्याने भोसकलं. सुरा यकृतात शिरला आणि पोर्टल व्हेन ही मोठी नीला फाटली. नामांकित सर्जन हाताशी असूनही मध्यरात्रीनंतर कार्नो गेले, कारण फाटलेली शीर भरवशाने शिवायची रीतच कोणाकडे नव्हती.

ही गोष्ट ल्योनमधल्याच एका विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला छळत राहिली. त्याचं नाव अलेक्सी कारेल. ल्योन हे रेशमाचं गाव. कारेल मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुई, बारीक धागा धरायला शिकला. सर्जन शिकायला भरतकामवालीच्या दारी जातो, हे मला फार मोठं वाटतं.

त्याची युक्ती बघा. कापलेल्या धमनीचं तोंड मऊ आणि लुळं असतं. एका बाजूला टाका घालताना सुई समोरच्या भिंतीत अडकते आणि नळीच बंद होते. कारेलने दोन्ही तोंडं जुळवून सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि ते धागे ताणून धरले. गोल तोंडाचा त्रिकोण झाला, भिंती दूर झाल्या, आता एकेक बाजू सरळ शिवत जायची. आतलं अस्तर अस्तराला भिडेल असे टाके घ्यायचे, म्हणजे रक्त गोठत नाही. रेशमाला तो व्हॅसलिन लावायचा. १९०२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं, १९१२ साली नोबेल मिळालं. पुढे वंशशुद्धीच्या नादाला लागून त्याने जे लिहिलं ते घृणास्पद आहे. टाका मात्र अस्सल.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा: सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच सर्जनने तुटलेल्या शिरा डागण्याऐवजी धाग्याने बांधायला सुरुवात केली. रक्त थांबे, पण पुढचा अवयव अनेकदा जाई.

आणि टाका सापडूनही चार-पाच दशकं हेच चालू राहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या धमनीच्या २,४७१ जखमांचा हिशेब डीबेकी आणि सिमिओन या सर्जनांनी १९४६ साली मांडला. त्यांतल्या फक्त ८१ शिवल्या होत्या. जिथे धमनी नुसती बांधली, तिथे जवळजवळ निम्म्यांचे हात-पाय कापावे लागले. जखमी सैनिक टेबलावर यायलाच दहा-दहा तास उलटत. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरं आली, सर्जन आघाडीजवळ गेले, धमन्या शिवल्या जाऊ लागल्या आणि हात-पाय कापण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं. म्हणून मी म्हणतो, कारेलच्या टाक्याला खरी साथ घड्याळाने दिली.

पण वेळेत पोचूनही निदानात फसवणारी एक गोष्ट आहे. पूर्ण तुटलेली धमनी आखडून आत सरते, तोंड आवळून घेते आणि जखम कोरडी दिसू लागते. अर्धवट चिरलेली आखडू शकत नाही, ती वाहतच राहते. म्हणून जखमेच्या पुढे नाडी चाचपायची. उसळतं रक्त, वाढत जाणारी सूज, बोटांना जाणवणारी थरथर, थंडगार पांढरं पाऊल, हरवलेली नाडी, यांतलं काही दिसलं तर थेट ऑपरेशन थिएटर. शंका असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं की सीटी अँजिओग्राफी.

धमनीचा तुकडाच गेला असेल तर धडधाकट पायातली सॅफेनस शीर काढून जोडतात, आणि ती उलटी करून! शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने सोडतात. सुलटी लावली तर त्याच वाट अडवतील.

वाचकहो, काचेने, कोयत्याने, सुऱ्याने कोणाला असं लागलं तर हळद, चहापूड भरू नका. रुतलेली वस्तू उपसू नका. स्वच्छ कापड थेट जखमेवर जोराने दाबून धरा. हातापायाचं रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या वर रुंद पट्टा घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कुठे आहेत ते निघण्यापूर्वीच विचारा. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूंना साधारण सहा तासांची मुदत असते.