‘द ख्रिसमस कार्ड’ : काय जमलं, काय फसलं

सिकंदराबादहून तुमच्या या निवृत्त कर्नलचा जय हिंद.

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे, त्यात बंदुकीपेक्षा नाताळची रोषणाई जास्त आहे. ‘द ख्रिसमस कार्ड’. २००६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत हॉलमार्क चॅनेलवर तो दाखवला गेला. चित्रपटगृहासाठी नव्हे, टीव्हीसाठीच बनवलेला. हॉलमार्क ही मूळची शुभेच्छापत्रांची कंपनी, १९१० सालची. तेव्हा तिच्या चॅनेलवर एका कार्डाभोवती गोष्ट फिरावी, यात नवल नाही.

कोडी हा अमेरिकी सैनिक अफगाणिस्तानात आहे. फेथ नावाच्या अनोळखी मुलीचं नाताळचं कार्ड त्याच्या हाती येतं. ते तो जिवापाड जपतो. रजेवर आल्यावर कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी या तिच्या गावी पोचतो, तिच्या वडिलांच्या लाकडाच्या व्यवसायात कामाला लागतो आणि तिच्या प्रेमात पडतो. शेवट सांगत नाही. तुम्ही ओळखलाच असेल!

आधी जमेच्या बाजू. पहिली म्हणजे एड ॲस्नर. फेथच्या वडिलांच्या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. मुलीवरची माया आणि या पाहुण्यावरचा जीव ते ओरडून सांगत नाहीत, नजरेतून दाखवतात. ॲस्नर तरुणपणी स्वतः अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोरमध्ये होते. दुसरी बाजू म्हणजे गाव. चित्रीकरण खऱ्या नेवाडा सिटीत झालं. सोन्याच्या शोधात वसलेलं हे डोंगरपायथ्याचं जुनं गाव सेटसारखं पोकळ वाटत नाही. तिसरी आणि मोठी बाजू म्हणजे सैनिकाला टपाल म्हणजे काय असतं, हे या चित्रपटाला नेमकं कळलंय.

आता उणिवा. असे चित्रपट जाहिरातींच्या वेळा धरून लिहिलेले असतात. दर थोड्या वेळाने छोटीशी गाठ पडते आणि लगेच सुटते. फेथचा प्रियकर पॉल कामानिमित्त बाहेर असतो. त्याला माणूस म्हणून उभं करण्याऐवजी नायकाच्या वाटेतला धोंडा करून ठेवलंय. युद्ध सुरुवातीला येतं आणि पुढे मागे पडतं. आघाडीवरून परतलेला माणूस घरच्या पलंगावरही कित्येक रात्री दचकून उठतो, मंडळी. ते इथे फारसं दिसत नाही.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. तुझं कार्ड मलाच मिळालं, हे कोडी फेथला सांगतच नाही. गोष्ट लांबवायला हे लपवणं लेखकाच्या सोयीचं आहे. पण फेथ माणूस निवडतेय आणि त्याच्याबद्दलची मुख्य गोष्टच तिला ठाऊक नाही, हा तिच्यावर अन्याय आहे.

हे मला इतकं का बोचतं, ते सांगतो. १९९० च्या दशकात मी काश्मीरमध्ये एका चौकीवर होतो. रक्षाबंधनाच्या सुमारास ५६ एपीओच्या पत्त्यावर शाळकरी मुलींच्या राख्यांचा गठ्ठा आला. माझ्या वाट्याला आलेल्या राखीसोबत वहीच्या पानावर चार ओळी होत्या, आणि शेवटी, ‘दादा, राखी मिळाली की कळवा.’ राखी मी पुढे कित्येक महिने खिशात बाळगली. उत्तर उद्या लिहू, परवा लिहू म्हणत राहिलो. मग पलटण हलली आणि त्या धावपळीत ते पान हरवलं. ती पोर आज चाळिशीत असेल. आपली राखी पोचली की नाही, हे तिला आजही ठाऊक नाही.

म्हणून चित्रपट जरूर बघा. ॲस्नरसाठी बघा, त्या गावासाठी बघा. मात्र कोडी कार्ड लपवतो तेव्हा त्याला माफ करू नका. आणि तुमच्याकडे कुणाच्या पत्राचं उत्तर राहिलं असेल, तर आजच लिहा.

जय हिंद.